डोकं ताळ्यावर, हात वाऱ्यावर

डहाणू-तलासरी पट्ट्यात चहा घ्यायला कारण लागत नाही. नको म्हणायला मात्र लागतं, आणि तेही समोरच्याला पटेल असं. ‘पित्त होतं’ हे कारण चालत नाही, लगेच उत्तर येतं, “मग आलं कमी टाकायला सांगतो.” ‘आत्ताच घेतला’ हेही चालत नाही, कारण सगळ्यांनीच आत्ताच घेतलेला असतो. ‘डॉक्टरांनी बंद केलाय’ म्हटलं तर डॉक्टर कोण याची चौकशी होते आणि तो डॉक्टर परवाच नाक्यावर उभ्याने कडक मारत होता, अशी साक्ष निघते. उपवासाचं कारण तर सांगूच नये. आपल्या उपवासाने भात, पोळी, कांदा, लसूण अशा सगळ्यांना घराबाहेर काढलं, पण चहाच्या वाटेला तो गेला नाही. हे ठरवणाऱ्याने एकदा तरी चहाशिवाय एकादशी करून पाहिली असणार. रोजचा चहा एकदम तोडला की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, असं आता वैद्यकाच्या पुस्तकांत छापून आलंय. आमच्या आजीच्या कपाळावरच्या सुंठीच्या लेपाला ते आधीपासून ठाऊक होतं.

नकाशा न बघता नुसत्या चहावरून आपण कुठे आहोत ते इथे सांगता येतं. घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाडीत एखाद्या इराणी किंवा पारशी घरी बसलात तर चहात पुदिना आणि गवती चहाची पात असते. आत पाड्यावर गेलात तर बहुतेक वेळा कोरा चहा येतो. दुधाची भानगड नाही, साखर मात्र हात सैल सोडून. महामार्गावर चारोटी नाका ते अच्छाड या टापूत दूध आटवून, आलं-वेलची ठेचून केलेला, चमचा उभा राहील असा चहा मिळतो. डहाणू रोड स्टेशनबाहेरच्या चहाची चव सांगणं अवघड, कारण तो चवीने घेतलेला माणूस अजून भेटायचा आहे. सगळे तो गाडीकडे बघत घेतात.

चवी अशा चार, पण आतून सूत्रं हलवणारा एकच: कॅफिन. पुदिना, आलं आणि गवती चहा यांच्यात ते औषधालाही नाही. सगळा पराक्रम त्या काळ्या भुकटीचा. 1819 मध्ये रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून पहिल्यांदा वेगळं काढलं. त्या बिया त्याच्या हातावर महाकवी गटे यांनी ठेवल्या होत्या. चहातल्या द्रव्याला पुढे वेगळं नाव देऊन झालं, पण 1838 मध्ये सिद्ध झालं की दोन्ही पदार्थ एकच. म्हणजे चहावाले आणि कॉफीवाले यांचं भांडण जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच निकालात निघालेलं आहे. ही बातमी सासर-माहेरच्या मंडळींपर्यंत पोचायची तेवढी राहिली आहे.

हे कॅफिन डोक्यात जाऊन करतं काय? आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की आपल्याला झोप येते. कॅफिनची ठेवण या ॲडेनोसिनशी इतकी जुळते की ते त्याच्या आधी जाऊन त्या जागा अडवतं. डहाणू लोकलमध्ये सीटवर रुमाल टाकतात ना, तसंच. रुमाल काही स्वतः प्रवास करत नाही, पण दुसऱ्यालाही बसू देत नाही. ॲडेनोसिनची गर्दी मात्र दारात वाढतच असते. रुमाल उचलला रे उचलला की ती सगळी एकदम बसायला धावते. दुपारी साडेतीनला कुठल्याही कचेरीत जी सामुदायिक जांभई येते, तिच्यात या धावपळीचाही हात असतो. थकवा गेलेला नसतोच, तो उभा असतो एवढंच.

लोकलचा विषय निघालाच आहे तर हिशेब पुरा करू. 2013 मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि चर्चगेटच्या नोकरीसाठी डहाणूत राहणं हा वेडेपणा न राहता दिनक्रम झाला. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरात. चहा घेतल्यापासून अर्ध्या ते एक तासात कॅफिन रक्तात शिखरावर पोचतं. म्हणजे पहाटे स्टेशनबाहेर घेतलेल्या चहाचा खरा जोर चढतो तो पालघर-केळव्याच्या आसपास. त्या घटकेला माणसाची बुद्धी तल्लख, नजर तीक्ष्ण आणि चित्त एकाग्र असतं, आणि त्याच्यापुढे काम एकच असतं: विरारला कोण उठणार याचा अंदाज बांधणं. एवढ्या एकाग्रतेने याच माणसाने दहावीचं बीजगणित केलं असतं तर तो चर्चगेटला नोकरीला गेला नसता, चर्चगेट त्याच्याकडे आलं असतं. प्रत्यक्ष कचेरीत खुर्चीला पाठ टेकेपर्यंत शिखर मागे पडलेलं असतं. म्हणून तिथे पोचल्यावर पहिलं काम काय, तर चहा.

चहाने माणूस जागा होतो म्हणतात, आणि ते खरं आहे. पण जागं होणं आणि शहाणं होणं यांत फरक आहे. कंटाळवाण्या कामात लक्ष टिकवणं, इशारा दिसताच चटकन हात उचलणं, यांत कॅफिनची मदत होते, विशेषतः माणूस दमलेला असेल तर. गुंतागुंतीचा विचार करणं, निर्णय घेणं, इथे त्याचा फारसा उपयोग नाही. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली माणूस जागा झाला आणि वेठबिगारीला नाही म्हणाला. गोदावरी परुळेकरांनी त्या जागेपणावर पुस्तक लिहिलं. ते जागेपण कपातून आलेलं नव्हतं. कपातून येणारं जागेपण आमच्या नाक्यावर रोज सकाळी दिसतं: चार जण पेपर वाचतात, चौघांचे डोळे टक्क उघडे असतात आणि चौघांचीही मतं कालचीच असतात.

हे झालं डोक्याचं. हाताची गोष्ट निराळी. आणि हा हाताचा प्रश्न अमेरिकेत एकदा चक्क कोर्टात गेला होता. 1909 मध्ये तिथल्या सरकारने कोका-कोलाची चाळीस मोठी आणि वीस लहान पिंपं जप्त केली. आरोप असा, की त्यात घातलेलं कॅफिन प्रकृतीला घातक आहे. खटल्यात सरकारच्या विरुद्ध बाजूला नाव होतं ते या पिंपांचंच. 1911 मध्ये खटला उभा राहिला तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं की कॅफिनने माणसाचं नक्की काय होतं यावर धड प्रयोगच झालेले नाहीत. तिने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाला गाठलं. निकाल काहीही लागो, तो मी छापणार, अशी अट घालून त्याने काम घेतलं. न्यूयॉर्कमध्ये एक जागा भाड्याने घेऊन तिथे सोळा माणसांवर प्रयोग केले. रोजची देखरेख त्याच्या बायकोने, लेटाने केली. कोणाच्या गोळीत कॅफिन आहे आणि कोणाच्या गोळीत नुसती साखर, हे घेणाऱ्याला कळू दिलं नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही.

मग त्या सोळा जणांकडून रंगांची नावं वदवून घेतली, विरुद्धार्थी शब्द विचारले, आकडेमोड करून घेतली, टंकलेखन करून घेतलं. शिवाय एक झकास कसोटी होती: धातूची कांडी एका बारीक छिद्रात कडेला न लावता धरून ठेवायची. निकाल असा लागला की डोक्याची ही साधी कामं कॅफिनने सुधारली. टंकलेखन थोड्या मात्रेत भराभर झालं, मात्रा वाढवल्यावर रेंगाळलं. आणि कांडी? मोठ्या मात्रेनंतर ती छिद्राच्या कडेला टकटक लागायला लागली. डोकं ताळ्यावर, हात वाऱ्यावर.

हॉलिंगवर्थने ही जागा न्यूयॉर्कऐवजी गंजाडला घेतली असती तर भाडं वाचलं असतं. गंजाड म्हणजे जिव्या सोमा मशे यांचं गाव. वारली चित्रकला पाड्याच्या भिंतीवरून जगापुढे नेणारे, 2011 चे पद्मश्री. त्यांनी काढलेली माशांच्या जाळ्याची चित्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हाताची स्थिरता म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. हजारो बारीक रेघा, आणि एकीलाही घाई नाही. त्यांच्यामागून त्या भागात घरोघर चित्रकार झाले. त्यातल्या एकाच्या ओट्यावर मी एका दुपारी बसलो होतो. गेरूने सारवलेलं कापड, नारळाच्या करवंटीत तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. काडी पिठात बुडवायची, करवंटीच्या काठाला हलकेच पुसायची, श्वास धरायचा आणि रेघ ओढायची. मनगट कापडाला टेकलेलं, हलत होती ती फक्त बोटं. सुनेने स्टीलच्या पेल्यात चहा आणून ठेवला. चहावर साय धरली, सायीवर सुरकुती पडली, तरी पेला होता तिथेच.

“काका, चहा निवला तुमचा.”

“निवू दे. जाळं पुरं होऊ दे आधी.”

“घोटभर घ्या, मग काढा.”

“चहा घेऊन जाळं काढलं का मासे सुटतात, भाऊ.”

मला वाटलं हे गमतीत चाललंय. पण जाळं पुरं झाल्यावर त्यांनी तो गार चहा एका दमात संपवला, दुसरा गरम मागवला आणि मग तारपा नाचाचा फेर काढायला घेतला. का, तर म्हणाले, “नाचणाऱ्याचा पाय थोडा हलला तर चांगलंच ना!” हॉलिंगवर्थचा आख्खा ग्रंथ त्यांनी असा दोन पेल्यांत उरकला.

वारली चित्रातल्या नाचाच्या फेराला मध्य असतो, तिथे तारपा वाजवणारा उभा असतो. कॅफिन हा मध्यच कसा उडवतं, ते एका कोळ्याने दाखवून दिलंय. मासे पकडणारा कोळी नव्हे, जाळं विणणारा. 1995 मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी कोळ्यांना निरनिराळी द्रव्यं देऊन जाळी विणायला लावली. भांग-गांजाच्या जातीच्या द्रव्याने कोळी अर्ध्यावर काम सोडून बसला, ते समजण्यासारखं आहे, आपल्याकडेही बसतात. पण कॅफिन दिलेल्या कोळ्याने हौसेने जे विणलं त्याला ना मध्य, ना आरे, ना चाक. नुसते इकडून तिकडे धागे. उत्साह दांडगा, नकाशा गायब. कोळ्याला माणसाच्या मानाने मात्रा भलती झाली असेल हे मान्य. तरीही रात्री दोन वाजता, तीन कडक चहांच्या जोरावर लग्नाच्या पंगतीचा आराखडा काढणारे आमचे एक मामा आहेत, त्यांचे कागद मी पाहिलेत. नासाला तुलनेसाठी हवे असतील तर देईन.

मुळात माणसाचा हात कधीच पुरता स्थिर नसतो. चांगला धडधाकट हातसुद्धा सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक कापत असतो. डोळ्याला ते दिसत नाही इतकंच. कॅफिन हे कापणं थोडं वाढवतं. रोज पिणाऱ्याला ते कमी जाणवतं, अधूनमधून पिणाऱ्याला जास्त. नाक्यावरच्या पत्ते कुटणाऱ्यांना याने काही फरक पडत नाही. पण चिंचणीकडे दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर आहेत. डोळ्याला भिंग लावून धातूवर केसासारखी नक्षी काढायची, आणि छिन्नी एकदा घसरली की पान-फूल सगळं भंगारात. अशा कामाला बसलेल्या माणसाला चहाचा आग्रह करणं म्हणजे त्याच्या मजुरीत हात घालणं. तिथे चहा येतो तो काम थांबवायला, करायला नव्हे.

मोठ्या स्नायूंची गोष्ट मात्र पुन्हा उलटी. धावणं, चढणं, वजन उचलणं यांत कॅफिनची मदत होते. इतकी, की 2004 पर्यंत खेळाडूच्या लघवीत ते ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं तर त्याला बाद करत असत. ताडावर सरसर चढणाऱ्या आमच्या माणसाला हा नियम कोणी लावला नाही. तो पहाटे कोरा चहा घेऊन चढतो आणि उतरताना गळ्यात दुसरंच पेय लटकत असतं. या दोन पेयांबद्दल आमच्याकडे एक पक्की समजूत आहे: ताडी जास्त झाली तर वरून कडक चहा पाजायचा, माणूस सरळ होतो. होत नाही. रक्तातला अल्कोहोल चहाने जराही लवकर ओसरत नाही. आधी झोपाळू झिंगलेला असतो, नंतर टक्क जागा झिंगलेला. पहिला निदान खाटेवर पडून राहतो. दुसरा सायकल काढतो.

तलासरीपासून पुढे महामार्गावर हा विषय गमतीचा राहत नाही. रात्री ढाब्यावर ट्रक थांबतो, ड्रायव्हर तोंडावर पाणी मारतो, चहा ढोसतो आणि लगेच बाजेवर आडवा होतो. बघणाऱ्याला वाटतं, झोपायचंच होतं तर चहा कशाला? 1997 च्या सुमारास इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात रेनर आणि हॉर्न यांनी पेंगुळलेल्या लोकांना नकली मोटारीत बसवून हेच तपासलं. कॅफिन घेऊन लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटणाऱ्यांच्या चुका सगळ्यांत कमी झाल्या. कारण सरळ आहे: कॅफिनला जोर धरायला वेळ लागतो, तेवढ्यात झोप आपलं काम उरकून घेते, आणि उठताना दोघांचा फायदा एकदम पदरात पडतो. धोका एकच. क्लीनर वेळेवर उठवणारा हवा, नाहीतर पंधरा मिनिटांची पहाट होते.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे असेही काका आहेत जे दिवसाला दहा चहा घेतात आणि रात्री नऊला घोरतात. आहेत. त्यांच्या खिशात बघा, बिडीचं बंडल सापडेल. धूर ओढणाऱ्याचं यकृत कॅफिनचा निकाल जवळजवळ दुप्पट वेगाने लावतं. इतरांच्या रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला सरासरी पाचेक तास लागतात; बिडीवाल्याचं त्याहून कितीतरी आधी येतं. म्हणून त्याला एका चहावर दुसरा लागतो, आणि दुसऱ्या चहावर दुसरी बिडी. यात छुपी गंमत अशी की काकांनी बिडी सोडली आणि चहा तेवढाच ठेवला तर ते रात्रभर छताकडे बघत पडतील, आणि सकाळी सगळ्यांना सांगतील, “बिडी सोडली आणि झोप गेली!” सांगून टाकतो, काका, बिडीच सोडा, आणि चहाही निम्मा करा.

मग चालतो तरी किती? साध्या कपभर चहात 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन असतं. धडधाकट मोठ्या माणसाने दिवसाकाठी 400 च्या आत राहावं, असं युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेचं म्हणणं. हिशेबाने आठ ते तेरा कप. लग्नघरात हा आकडा दुपारच्या पंगतीआधीच गाठला जातो, म्हणून मांडव बांधायला चढलेल्या तरुणांच्या हातून वरच्या गाठी सैल का बसतात याचं आश्चर्य वाटायला नको.

पण सगळ्यांत मोठा शोध आमच्या टपरीवाल्याने लावलाय, आणि त्याचं नाव कटिंग. भल्या मोठ्या कपाने एकदम चढवायचं आणि मग उतरत राहायचं, हे त्याला मान्य नाही. थोडा थोडा, पण दिवसभर. 2004 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी याच धोरणाची परीक्षा घेतली. सोळा माणसांना 29 दिवस, घड्याळाचा पत्ता लागणार नाही अशा खोल्यांत ठेवलं. त्यांचा ‘दिवस’ ताणून जवळजवळ 43 तासांचा केला आणि जागेपणी काहींना दर तासाला कॅफिनची बारीक मात्रा दिली: कॉफीच्या दोन-चार घोटांएवढी. कटिंगच, फक्त आलं नव्हतं. मात्रा घेणाऱ्यांनी कामात डुलक्या कमी काढल्या, चुका कमी केल्या. आणि तरीही ‘झोप येतेय हो’ ही तक्रार जास्त केली ती त्यांनीच. हे वाचून मला सरकारी खात्यांतल्या माझ्या बऱ्याच मित्रांबद्दलचा गैरसमज दूर झाला. कुरकुरणारा माणूस झोपलेला असतोच असं नाही.

थोडक्यात, ज्याचं काम डोक्याचं त्याने कटिंग घ्यावं, ज्याचं काम पायाचं त्याने खुशाल पूर्ण घ्यावा, आणि ज्याचं काम बारीक हाताचं त्याने काम आटपून घ्यावा. हे तत्त्व शोधायला परदेशात कोर्टबाजी झाली, नासा खर्चात पडली, माणसं महिना महिना कोंडली गेली. आमच्या नाक्यावरचा टपरीवाला गिऱ्हाइकाचा चेहरा आणि हात बघून मात्रा ठरवतो, आणि मला मुकाट्याने अर्धाच देतो. फरक एवढाच, की तसल्या प्रयोगांत कॅफिन घेणाऱ्याला मानधन देतात. इथे देणाऱ्यालाच वही घेऊन घेणाऱ्याच्या मागे फिरावं लागतं.